बडतर्फीचे पत्र आणि डिस्चार्ज बुक

गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज केलेल्या सुमारे दीड लाख कामगारांची आणि वारसांची पात्रता ठरवण्याकरिता म्हाडाने २०२३ च्या सप्टेंबरात कागदपत्रे स्वीकारण्याची विशेष मोहीम सुरू केली, तेव्हा त्या दीड लाखांत माझ्या आईचा अर्ज होता. त्याच सुमारास संरक्षण खात्याची निवृत्तिवेतने ‘स्पर्श’ या नव्या संगणकीय प्रणालीत वर्ग होत होती आणि तिथे आईचे आधार कार्डावरचे नाव लष्कराच्या नोंदीतल्या नावाशी जुळत नव्हते. त्यामुळे एकाच माणसाने केलेल्या दोन नोकऱ्या मला एकाच वेळी दोन सरकारी कार्यालयांत सिद्ध करायच्या होत्या. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, १९६३ ते १९७३ या काळात मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि १९७४ पासून लालबाग-परळ भागातल्या एका कापड गिरणीत. १९८२ च्या संपात त्या गिरणीच्या संप समितीचे काम त्यांनी पाहिले. २००६ साली ते वारले आणि जाताना दोन्ही नोकऱ्यांची कागदपत्रे एकाच काळ्या लष्करी ट्रंकेत ठेवून गेले.

लष्कराकडचे काम सोपे निघाले, हे आधी सांगून टाकते. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी डिस्चार्ज बुक म्हणजे लष्करातून सुटताना मिळालेली सेवेच्या नोंदींची पुस्तिका, पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतनाचा मूळ आदेश, आईचे प्रतिज्ञापत्र आणि आधार कार्ड घेऊन गेले. लग्नानंतर आबांनी पलटणीत नोंदवलेले आईचे नाव हे तिचे माहेरचे नाव होते. सासरी बदललेले नाव पुढे शिधापत्रिकेवर आणि तिथून आधारवर चढले. कार्यालयातल्या निवृत्त सुभेदारांनी अर्जाचा नमुना स्वतः तपासून दिला, प्रकरण बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे गेले आणि काही महिन्यांनी दुरुस्त पीपीओ हाती आला. सातारा जिल्ह्यात हे नवलाचे नाही. जिथे अपशिंग्यासारख्या एका गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले आणि गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागले, तिथे सैनिकाच्या विधवेचे काम कसे करायचे हे कार्यालयांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

मला थबकायला लावले ते बेळगावहून आलेल्या तपशिलाने. आबांची भरतीची तारीख, तेव्हाची उंची, छातीचे माप, अंगावरची ओळखीची खूण, घेतलेले कोर्स, मिळालेली रजा, नायक म्हणून बढतीची तारीख, पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, आणि १० व ११ डिसेंबर १९७१ च्या दरम्यानच्या रात्री डाव्या पायाला झालेल्या जखमेची नोंद, असे सगळे पन्नास वर्षांनी जागच्या जागी होते. गिरणीत त्यांनी जवळजवळ तेवढीच वर्षे काढली, पण त्या वर्षांविषयी कोणत्याही कार्यालयात एक ओळ सापडेना. गिरणी बंद पडली, मालकाने जागा विकासाला काढली, तिथे मनोरे उभे राहिले, आणि हजेरीपटांचे काय झाले हे सांगू शकेल असा कोणी उरला नव्हता.

म्हाडाच्या घरासाठी कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होता, एवढे सिद्ध करायचे असते. त्यासाठी तिकीट क्रमांक म्हणजे गिरणीतला कामगाराचा क्रमांक, सर्व्हिस सर्टिफिकेट, लाल पास, भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी, ईएसआयचे म्हणजे कामगार विम्याचे कार्ड, हजेरीपत्रक, पगाराची पावती यांसारखे पुरावे चालतात. वरवर यादी उदार वाटते. पण ज्याने निवृत्त होऊन हिशेब घेतला किंवा स्वेच्छानिवृत्ती पत्करली, त्याच्याच घरी हे कागद असण्याचा संभव. संपात ज्याचे नाव पहिल्या फेरीत कापले गेले, त्याच्याकडे यातले काय राहणार? आबांचे ईएसआय कार्ड १९८२ च्या पावसाळ्यात चाळीच्या गळक्या माळ्यावर भिजून गेले होते आणि फंडाचा हिशेब त्यांनी गावच्या विहिरीसाठी काढून घेतला होता. फंडाच्या कार्यालयात मी क्रमांकाशिवाय केवळ नावावरून नोंद शोधायची विनंती केली. संगणकावर त्या काळच्या नोंदी नाहीत आणि जुने खातेवही-कागद क्रमांकाशिवाय उघडता येत नाहीत, हे उत्तर मिळाले.

म्हणून ट्रंक तळापर्यंत उपसली. आत लष्करी आणि गिरणीचे कागद सरमिसळ नव्हते. आबांनी ते दोन वेगळ्या फडक्यांत बांधले होते. गिरणीच्या गाठोड्यात दोन वस्तू निघाल्या: एक जाड पुठ्ठ्याची रूळ ओढलेली वही, आणि १९८२ च्या ऑगस्टमधले गिरणीच्या लेटरहेडवरचे बडतर्फीचे पत्र.

वहीविषयी लिहायचे तर आबा गिरणीत कसे आले तिथून सुरुवात करावी लागेल. पायात मॉर्टरचे छर्रे राहिल्याने त्यांची वैद्यकीय श्रेणी उतरली आणि १९७३ मध्ये अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनावर ते घरी आले. जिरायती जमीन तीन भावांत होती. माजी सैनिकाला मुंबईच्या गिरणीत सहज मिळणारी जागा म्हणजे फाटकावरचा पहारेकरी, आणि तीच त्यांना मिळाली. पाळी सुटताना बाहेर पडणाऱ्यांचे डबे आणि पिशव्या तपासायचे काम होते. सूत किंवा कापडाचा तुकडा बाहेर जाऊ नये म्हणून. आई सांगते की वर्षभरात त्यांनी स्वतःहून सूतकताईच्या रिंग खात्यात बदली कामगार म्हणून घ्या, असा अर्ज केला. पगार कमी, कायमपणाची खात्री नाही, आणि दुखऱ्या पायावर आठ तास उभे राहायचे. साहेबांना हे वेड वाटले. आबांचे कारण आईने मला त्यांच्याच शब्दांत सांगितले: “ज्याच्याबरोबर एका चुलीवर जेवतो त्याचा डबा मी उघडून बघणार नाही.” आई तेव्हा चाळीतल्या आमच्या खोलीत खाणावळ चालवायची. गिरणीतलीच माणसे तिच्याकडे दोन वेळ जेवत, म्हणजे फाटकावर आबा ज्यांचे डबे तपासत त्यांतले निम्मे डबे आईनेच भरलेले असत.

बदली कामगाराचे जिणे आजच्या वाचकाला सांगावे लागेल. पाळीच्या आधी खात्याच्या दारात उभे राहायचे, कायम कामगारांपैकी कोणाचा खाडा पडला तर जॉबर, म्हणजे मुकादम, बोट दाखवील त्याने आत जायचे, बाकीच्यांनी घरी परतायचे. अशी वर्षानुवर्षे काढलेली हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत होती. १९८२ च्या संपाच्या मागण्यांत पगारवाढीच्या जोडीने बदल्यांना कायम करण्याची मागणी होती ती यामुळेच.

संपाचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. मी वहीला लागेल तेवढाच सांगते. १९८१ च्या दिवाळीतल्या बोनसवरून असंतोष उसळला आणि कामगार घाटकोपरला कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या दारात गेले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे एका उद्योगात एकाच संघटनेला मान्यता असे आणि मुंबईच्या कापड उद्योगात ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. बाकी कोणाशी बोलणी करण्याचे बंधन मालकांवर नव्हते आणि तिला डावलून केलेला संप बेकायदा ठरत असे. हा कायदाच जावा, ही मागणीही मग पुढे आली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे साठ गिरण्यांतले अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही.

आमच्या गिरणीच्या समितीत आबांना घेतले ते त्यांच्या भाषणांमुळे नव्हे. त्यांना भाषण येतच नसे. गेट सभेत दुसरे बोलत आणि आबा खाली कडेला उभे राहून कोण आले, कोण आले नाही हे पाहत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ही वही घातली. पलटणीत नामावली असते तशी ती आहे: अनुक्रम, नाव, तिकीट क्रमांक, खाते, पाळी, कायम की बदली, चाळ व खोली, गाव व तालुका, घरात खाणारी तोंडे, गावी जमीन आहे की नाही. मग दहा-दहा माणसांचा एक गट आणि गटाला एक प्रमुख. पायदळात सेक्शन असते, त्याच मापाचे. गटप्रमुखाने रोज संध्याकाळी आपल्या दहांची खबर द्यायची: कोण गावी गेला, कोणाचे पोर आजारी आहे, कोणाला सावकाराने गाठले, कोणाकडे रात्री कोण येऊन कामावर चल म्हणून दमदाटी करून गेले. लोकांना वाटते की लढाई पाहिलेला माणूस संपात मारामारीला उपयोगी पडला असेल. वही वाचताना मला उलटे दिसले. मारामारीला तरुण पोरे पुष्कळ होती. दर माणसाची रोज नोंद ठेवणारा कोणी नव्हता.

शिधा हा वहीतला सर्वांत मोठा भाग आहे. साताऱ्या-कोल्हापूरकडून ज्वारी, कोकणातून तांदूळ, कोणी आणले, किती पायली, कोणत्या गटाला वाटले. आबांचा नियम असा होता की ज्याची गावी जमीन आहे त्याने कुटुंब गावी न्यावे आणि परत येताना धान्य आणावे, आणि ते धान्य आधी भूमिहीन बदल्यांना द्यावे. यावरून भांडणे झाली. कायम कामगार म्हणत, आम्ही वीस वर्षे खात्यात काढली, आमच्या आधी कालचा बदली का? वहीच्या समासात अशा तक्रारी ‘सुनावणी’ या शीर्षकाखाली लिहिल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे निर्णय आहे. दोन ठिकाणी निर्णय आबांच्या विरुद्ध गेलेला दिसतो आणि तिथेही अक्षर त्यांचेच आहे. आईची खाणावळ मार्चपर्यंत बसली, कारण जेवणारेच गावी गेले. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. त्यातल्या बायकांशी ओळख असल्याने आईला बाहेरच्या ऑर्डरीचे पोळ्या लाटण्याचे काम मिळाले आणि आमचे घर त्यावर चालले. वहीत आमच्या घरापुढे शिध्याचा रकाना शेवटपर्यंत कोरा आहे. आईचे यावर मत चांगले नाही. “लोकांना वाटताना माझ्या पोळ्या मोजल्या नाहीत त्यांनी,” असे ती अजून म्हणते, आणि तिचे म्हणणे मला बरोबर वाटते.

१९७१ च्या युद्धातली, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरची गोष्ट आबांनी घरी फारशी सांगितली नव्हती. ती मला समितीतल्या एका वयस्क सोबत्याकडून कळली. या कागदांच्या निमित्तानेच मी त्यांना गावी जाऊन भेटले. उन्हाळ्यात गिरणीने नोटीस लावली की अमुक तारखेपर्यंत हजर न होणाऱ्यांची नावे पटावरून कमी होतील. गटप्रमुखांच्या बैठकीत काहींनी ठरवले की नोटीस दगडाला गुंडाळून मॅनेजरच्या काचेवर मारायची. आबांनी तेव्हा सांगितले की डिसेंबर १९७१ मध्ये आमच्या पहिल्या बटालियनने, जंगी पलटणीने, जमालपूरच्या दक्षिणेचा रस्ता अडवला होता. आत पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण होती. आमच्या ब्रिगेडियरांनी शरण येण्याविषयी पत्र पाठवले, तर त्यांच्या कर्नलने उत्तर बंदुकीच्या गोळीला गुंडाळून पाठवले. उत्तर झकास होते, सगळ्या पलटणीत त्याची चर्चा झाली. आणि ११ डिसेंबरची सकाळ उजाडेपर्यंत त्याची पलटण आमच्या खंदकांपुढे मोडून पडली होती. उरलेल्यांनी हत्यारे ठेवली. “उत्तर कसे दिले हे लोक लक्षात ठेवतात, पोरांचे काय झाले ते नाही,” असे आबा म्हणाल्याचे त्या गृहस्थांना आठवते. दगड मारला गेला नाही. नोटिशीला समितीने टपालाने, पोचपावतीसह, अर्ध्या पानाचे उत्तर दिले आणि त्याची नक्कल वहीत चिकटवलेली आहे.

पावसाळ्यानंतर आबांचे समितीतल्या बाकीच्यांशी पटेनासे झाले. ऑगस्टात मुंबईचे पोलीसच बंड करून रस्त्यावर आले, कामगारांना वाटले की आता सरकार वाकते. तसे घडले नाही. काही गिरण्यांतून पोलीस बंदोबस्तात थोडी थोडी माणसे आत जाऊ लागली. आबांचे म्हणणे असे होते की माघार हाही लढाईचाच भाग आहे, ती हुकमाने, रांगेत आणि जखमींना उचलून घ्यायची असते. हुकूम नसेल तर माणसे एकेकटी मागे फिरतात आणि एकेकटीच मारली जातात. त्यांनी लेखी सुचवले की आपल्या गिरणीपुरते, सगळ्यांना एकदम परत घ्यावे आणि बदल्यांची ज्येष्ठता टिकावी, या दोन अटींवर बोलणी उघडावीत. सूचना फेटाळली गेली. आपली गिरणी फुटली तर साठ गिरण्यांची एकजूट फुटेल, हा समोरचा युक्तिवाद काही पोकळ नव्हता आणि मला स्वतःला त्या दिवशी कोणत्या बाजूने हात वर केला असता हे ठामपणे सांगवत नाही. तरीही पुढे जे झाले ते आबा म्हणाले तसेच झाले. १९८३ मध्ये माणसे परतली ती एकेकटी, मालक सांगेल त्या अटीवर, आणि बदल्यांपैकी फार थोडी. आबांना तो पर्यायच नव्हता, कारण त्यांना आधीच बडतर्फ केले होते. ते फाटकावर मात्र शेवटपर्यंत जात राहिले; फेटाळल्या गेलेल्या सूचनेविषयी त्यांनी बाहेर अवाक्षर काढले नाही, हे मला त्याच सोबत्याने सांगितले. १९८४ च्या डिसेंबरात डॉ. सामंत दक्षिण मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आले, तेव्हा आम्ही गावी कायमचे परतलो होतो.

आता पुन्हा कागदांकडे. वहीत पहिल्याच ओळीत आबांचे नाव आणि तिकीट क्रमांक होता, पण वही त्यांनी स्वतः लिहिलेली असल्याने ती पुरावा होऊ शकत नाही, असे पडताळणीच्या टेबलावर सांगण्यात आले. ते नियमाला धरून होते. मग मी बडतर्फीचे पत्र पुढे केले. त्यात गिरणीने लिहिले होते की रिंग खात्यातील तिकीट क्रमांक अमुकचे धारक यांनी १८ जानेवारी १९८२ पासून बेकायदा संपात भाग घेतला, इतरांना चिथावणी दिली, कामावर येणाऱ्यांच्या याद्या ठेवल्या, म्हणून त्यांना नोकरीतून कमी करण्यात येत आहे. १ जानेवारी १९८२ नंतर आबा पटावर असल्याचे मला सिद्ध करायचे होते, ते गिरणीनेच आरोप म्हणून लिहून दिले होते. टेबलावरच्या मुलीने पत्र दोनदा वाचले आणि हे यादीतल्या कोणत्या क्रमांकात घालू, असे विचारले. यादीत बडतर्फीचे पत्र नव्हते. तिने वरिष्ठांना विचारले; त्यांनी मूळ प्रत, लेटरहेड आणि सहीशिक्का पाहून ते गिरणीने दिलेले पत्र म्हणून दाखल करून घ्या, असे सांगितले. सोबत वारसा प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला आणि आईचे प्रतिज्ञापत्र जोडले. काही महिन्यांनी अर्ज पात्र ठरल्याचे कळले.

ज्यांना हे काम अजून करायचे आहे त्यांच्यासाठी एक सांगते. संपाच्या काळातली पत्रे लोक लाजेने किंवा रागाने फाडून टाकतात. नोटीस, आरोपपत्र, चौकशीचे बोलावणे, निलंबन यांपैकी काही घरात असेल तर ते शोधा, कारण त्यावर तिकीट क्रमांक आणि तारीख असते. क्रमांक हाती आला की फंडाच्या किंवा ईएसआयच्या नोंदीपर्यंत पोहोचण्याची वाट निघते. आबांच्या वहीची पाने मी छायाप्रती काढून वारसांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांकडे दिली आहेत आणि काही कुटुंबांना त्यातून आपल्या माणसाचा क्रमांक मिळाला. आपल्या आजोबांचे खाते कोणते होते हेही त्यांतल्या कित्येकांना माहीत नव्हते.

पात्र ठरण्याचा अर्थ घर मिळणे असा नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा म्हाडाकडे येणार होता. २००१ मध्ये नियम बदलून तो फक्त मोकळ्या जागेपुरता ठेवला गेला आणि घरांसाठी मुंबईत जमीन फारच थोडी उरली. २०१२ च्या जूनमधली पहिली सोडत ६,९२५ घरांची होती. अर्जांची संख्या तिच्या वीसपटींहून अधिक. आता कामगारांना मुंबईबाहेर वांगणी आणि शेलू इथे घरे देऊ केली जात आहेत, कामगाराने साडेनऊ लाख रुपये भरायचे या हिशेबाने. मुंबईतच घर हवे म्हणून ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर मोर्चा झाला, त्याला मी गेले होते. आई गुडघ्यांमुळे येऊ शकली नाही.

वांगणीसाठी संमती द्यायची का, असे मी तिला विचारले. रक्कम कर्ज काढून भरता येईल, हेही सांगितले. तिने वांगणी लालबागपासून किती लांब, लोकलला किती वेळ, स्टेशनपासून पुढे कसे जायचे, हे नीट विचारून घेतले आणि मग नको म्हणाली. घर घ्यायचे तर गिरणगावात, नाहीतर गावचे आहे ते बरे. संमतीचा अर्ज आम्ही भरलेला नाही. पात्रतेचे पत्र, दुरुस्त पीपीओ आणि बडतर्फीच्या पत्राची मूळ प्रत तिने परत मागून घेतली. या वेळी तिन्ही एकाच फडक्यात बांधली.